‘हलविण्यात आले’ : शिरूर-दौंडच्या वाटांवरील रुग्णवाहतुकीचा इतिहास

१

जिल्हा आवृत्त्यांच्या बातम्यांत एक वाक्य इतक्या वेळा येते की ते वाचताना डोळा आपोआप पुढे सरकतो. अपघात शिक्रापूरजवळ झालेला असो, कुरकुंभच्या कारखान्यात कोणी भाजलेले असो किंवा उसाच्या फडात सर्पदंश झालेला असो, बातमीचा शेवट ठरलेला असतो : ‘प्राथमिक उपचारांनंतर त्यांना पुढील उपचारासाठी पुण्यास हलविण्यात आले.’ आम्ही मराठीचे अध्यापक. वैद्यक हा आमचा विषय नव्हे. पण या वाक्याची रचना आम्हांला बरीच वर्षे खुपत आली आहे. तीत कर्ता नाही. कोणी हलविले, कशातून हलविले, वाटेत सोबत कोण होते, पोहोचल्यावर रुग्णाला कोणाच्या हाती सोपविले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्य देत नाही. आणि ते दिलेले नाही, हे वाचकाच्या लक्षातही येत नाही.

‘हलवणे’ हे क्रियापदही मोठे विलक्षण आहे. आपण पाळणा हलवतो, औषधाची बाटली हलवून घेतो, मुक्काम हलवतो. एखादी कादंबरी आपल्याला हलवून सोडते. जागा बदलणे आणि धक्का बसणे हे दोन्ही अर्थ या एका धातूत नांदतात. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत ते वेगळे काढताच येत नाहीत. मोडलेले हाड, रक्तस्रावाने खचलेला रक्तदाब, सुजलेला मेंदू किंवा नळीवर चाललेला श्वास घेऊन जो निघतो, त्याच्यासाठी जागेतला प्रत्येक बदल हा धक्का असतो. खाटेवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून गाडीत, गाडीतून पुन्हा स्ट्रेचरवर, तेथून तपासणीच्या टेबलावर : एका ‘हलविण्यात’ अशी किमान चार-पाच हलवणी दडलेली असतात.

अत्यवस्थ रुग्णाचा प्रवास हाही उपचारच आहे, आणि प्रत्येक उपचाराला करणारा लागतो, असे आमचे म्हणणे आहे. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासातून ते कसे उलगडते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

२

शिरूरपासून आरंभ करण्याचे कारण असे, की या गावाच्या इतिहासात जखमींच्या वाहतुकीची एक नोंद फार ठळक आहे. १८०२च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या राज्यात इंग्रजांची तैनाती फौज आली आणि घोडनदीकाठचे शिरूर हा तिचा तळ झाला. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच तळावरून पुण्याच्या दिशेने निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे पायदळ, काही घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा, असे सुमारे आठशे लोक होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगाव येथे दिवसभर लढाई झाली. या लढाईविषयी आणि तीत लढलेल्या महार शिपायांच्या स्मृतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे पाहायचे आहे ते लढाई संपल्यानंतरचे.

शंभराहून अधिक जखमी होते. तुकडीबरोबर आलेल्या दोन असिस्टंट सर्जनांपैकी विंगेट मारला गेला होता. दुसरा, वायली, तेवढा शाबूत होता. ३१ डिसेंबरपासून माणसांच्या पोटात अन्न नव्हते. २ जानेवारीला अंधार पडल्यावर स्टाँटनने पुण्याला जात असल्याचे भासवून कूच केले. काही अंतर पुण्याच्या वाटेने गेल्यावर त्याने दिशा बदलली आणि ३ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास तो शिरूरला पोहोचला. जवळजवळ सगळे जखमी त्याने बरोबर आणले होते. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, वेळ रात्रीची, वाट शत्रूच्या टापूतली. तोफ परत मिळवताना जबर जखमी झालेला लेफ्टनंट पॅटिन्सन शिरूरला पोहोचला, पण वाचला नाही. आजच्या वैद्यकाच्या परिभाषेत बोलायचे तर हे एका जागेवरून दुसऱ्या, अधिक सुरक्षित जागी केलेले स्थलांतर होते, आणि त्याला एकच डॉक्टर होता.

या घटनेतली दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. १८१८ साली जखमींना उपचारासाठी शिरूरला आणले गेले, कारण छावणी, औषध आणि वैद्य शिरूरला होते. आज त्याच रस्त्याने, त्याच कोरेगावावरून, शिरूरचे रुग्ण उलट दिशेने पुण्याकडे जातात. रस्ता तोच राहिला. उपचाराचे केंद्र सरकले. हे केंद्र कसे सरकले आणि सरकताना मधल्या वाटेचे काय झाले, हाच पुढच्या सगळ्या इतिहासाचा विषय आहे.

३

त्या काळच्या लष्करात जखमींचे वाहन म्हणजे डोली : बांबूला टांगलेली खाट किंवा कापडी झोळी आणि ती खांद्यावर वाहणारे चार-सहा भोई. डोलीवरून ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात एक किस्सा सांगितला आहे. लढाईनंतर ‘डोल्यांनी’ जखमींना उचलून नेले, हे वाचून विलायतेतील एका वक्त्याने डोली ही कोणी क्रूर रानटी टोळी असावी अशी समजूत करून घेतली आणि त्या नराधमांचा भर सभेत निषेध केला! किस्सा खरा असो वा रचलेला, त्यातून एक गोष्ट उघड होते. जखमींना वाहून नेणारी माणसे दूरच्या वाचकाला इतकी अदृश्य होती की त्यांच्याऐवजी खाटच चालू लागली. कर्ता गाळणाऱ्या वाक्याचे हे जुने रूप म्हणता येईल.

मराठीत वाहनांची नावे पाहिली तरी हेच जाणवते. पालखी देवाची किंवा संतांच्या पादुकांची; तुकोबांची पालखी तर दरवर्षी दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडवरूनच पंढरीला जाते. मेणा सरदारांचा आणि घरंदाज स्त्रियांचा. तिरडी मृताची. आजाऱ्यासाठी मात्र भाषेने वेगळे वाहन राखून ठेवलेले नाही. त्याला घरातलीच बाज उलटी करून, घोंगडीची झोळी करून किंवा शेतावरची बैलगाडी जुंपून न्यायचे. ‘खांदा देणे’ हा वाक्प्रचारही मृताच्या वाट्याला गेला. जिवंत आजाऱ्याला दिलेल्या खांद्याला आपल्याकडे वाक्प्रचार उरला नाही.

पुढे ‘रुग्णवाहिका’ हा शब्द रुळला. ‘रुग्ण’ हे संस्कृत ‘रुज्’ म्हणजे मोडणे या धातूचे रूप आहे. तेव्हा रुग्णवाहिका म्हणजे मोडलेल्याला वाहून नेणारी. शब्द सुरेख आहे, परंतु ज्या ‘ॲम्ब्युलन्स’साठी तो योजला तिचा मूळ अर्थ त्यात आला नाही. फ्रेंचमध्ये मूळ कल्पना ‘चालत्या रुग्णालया’ची होती. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डॉमिनिक जाँ लारे याने १७९०च्या दशकात हलक्या घोडागाड्यांची पथके उभारली, तेव्हा गाडीबरोबर सर्जन आणि मदतनीसही रणांगणावर जात. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचाराचा क्रम ठरवावा, असा त्याचा आग्रह असे. गाडी ही त्या व्यवस्थेचा केवळ एक भाग होती. आपल्या शब्दात वाहन आले आणि रुग्णालय मागे राहिले. व्यवहारातही पुढे पुष्कळ काळ तसेच घडत गेले.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर १८५८मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पुण्यापासून दिकसाळपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि दौंड लोहमार्गावर आले. १८७८मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा निघाल्यावर ते जंक्शन झाले. याच सुमारास, १८६७ साली, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय उभे राहिले. उपचाराचे केंद्र पुण्याकडे सरकू लागले ते येथपासून. दौंडला त्या केंद्राकडे जाणारी आगगाडी मिळाली. शिरूरला मात्र लोहमार्ग कधीच लाभला नाही. शेजारच्या दोन तालुक्यांत रुग्णाचा प्रवास दोन वेगळ्या घड्याळांवर चालू लागला. दौंडचा आजारी गाडीच्या वेळेची वाट पाहणार, शिरूरचा बैलाच्या चालीने जाणार.

१८९६-९७च्या प्लेगने या प्रवासाला एक भयंकर अर्थ दिला. १८९७च्या साथरोग कायद्याने रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घरांच्या झडत्या घेतल्या, रुग्णांना प्लेगच्या रुग्णालयात आणि घरातल्या इतरांना छावण्यांत नेले. त्यातून उसळलेला संताप, रँडवरचा हल्ला आणि पुढचा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. वैद्यकीयदृष्ट्या विलगीकरणाची गरज नाकारता येणार नाही. परंतु ज्याला नेले त्याचे पुढे काय झाले हे घरच्यांना कळण्याची सोय नसेल, तर नेणे आणि पळवून नेणे यांतला फरक लोकांनी कसा ओळखायचा?

हा प्रश्न अगदी नेमकेपणाने विचारला तो पंडिता रमाबाईंनी. १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून त्यांनी पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या आणि छावणीच्या कारभारावर जाहीर टीका केली. तेथे नेलेल्या स्त्रियांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोण घेतो, आपल्या संस्थेतल्या मुलीचे तेथे काय झाले, हे त्यांचे प्रश्न होते. सरकारने आरोप नाकारले. पण प्रश्नाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. ‘सोपवले कोणाला?’ हा आजच्या रुग्णालयांतल्या हस्तांतर-नोंदीचा गाभा असलेला प्रश्न रमाबाईंनी १८९७मध्ये विचारला होता. त्याच रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि स्त्रिया आणल्या, त्या दौंड तालुक्यातल्या केडगावला. मुक्तिसदन केडगावला असण्यात रेल्वेचा वाटा होता. पण या प्रवासात मुलींना आणणारी बाई कोण, त्या कोणाकडे येणार आणि त्यांचे पुढे काय होणार, या तिन्ही गोष्टी ठरलेल्या होत्या. प्लेगच्या छावणीकडे जाणारी वाट आणि केडगावकडे येणारी वाट यांत फरक होता तो एवढाच, आणि तोच सर्वस्व होता.

याच साथीत सावित्रीबाई फुले गेल्या. डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रांत येते. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हा प्रसंग आपण त्यागाचा म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तो रुग्णवाहतुकीचाही प्रसंग आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ज्या काळात ‘नेणे’ या क्रियेची पुण्याला धास्ती बसली होती, त्या काळात एका नेणाऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि पाठ लोकांना माहीत होती. वाहून नेणाऱ्यालाही संसर्गाचा धोका असतो, ही वैद्यकाची गोष्टही याच प्रसंगात आहे.

५

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला आणि आजच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा आराखडा त्यातून आकाराला आला. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय अशी ही उतरंड. कागदावर ती शिडीसारखी दिसते. पण शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये अंतर असते आणि येथे ते किलोमीटरांत मोजावे लागते. शिरूरहून पुणे पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंडहून त्याहून थोडे जास्त. व्यवस्थेने पायऱ्या बांधल्या, चढण्याचा भार रुग्णावर सोडला.

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे ते अहमदनगर, म्हणजे शिरूरवरूनच. लोहमार्ग नसलेल्या शिरूरला एस.टी.ने प्रथमच वेळापत्रक दिले. ग्रामीण महाराष्ट्रात बाळंतिणीपासून तापाने फणफणलेल्या पोरापर्यंत सगळ्यांनी या लाल गाडीने दवाखाना गाठला आहे. जी एस.टी.च्या मागच्या बाकावर आडवी झाली, जो दुधाच्या गाडीतून किंवा उसाच्या ट्रॅक्टरमधून गेला, त्यांच्यासोबत घरची माणसे होती. मायेने डोके मांडीवर घेणारी होती. पण श्वासाची वाट मोकळी ठेवायला मान कशी धरावी, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासिकांनी १९९४मध्ये मातामृत्यूंचा विचार करताना ‘तीन विलंबां’ची मांडणी केली. पहिला विलंब मदत घ्यायचे ठरवण्यातला, दुसरा दवाखान्यात पोहोचण्यातला, तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. ही मांडणी आपल्या दोन तालुक्यांना लावून पाहिली तर एक गुंतागुंत लक्षात येते. शिरूर-दौंडचा अत्यवस्थ रुग्ण पुष्कळदा दुसरा आणि तिसरा विलंब दोनदा भोगतो. वाडीवरून तालुक्याला पोहोचतो, तेथे अतिदक्षतेची सोय नाही म्हणून चिठ्ठी मिळते आणि पुन्हा वाट सुरू होते. रांजणगाव-सणसवाडीच्या औद्योगिक वसाहतींची वर्दळ आणि वाघोलीची कोंडी ओलांडून ही दुसरी वाट संपवायची असते. पहिल्या वाटेवर निदान निर्णय घरचा असतो. दुसऱ्या वाटेवर तो चिठ्ठी देणाऱ्याचा असतो, आणि म्हणून त्या वाटेची जबाबदारीही त्याच्याकडे असायला हवी.

६

वाहनात माणूस बसवल्याने काय बदलते, याचे उदाहरण दूरचे असले तरी बोलके आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या अनेक गावांत रुग्ण नेण्याचे काम अंत्यसंस्कार करणाऱ्या पेढ्यांच्या गाड्या करीत, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. कोठे पोलिसांची गाडी येई. पिट्सबर्गमध्ये १९६७ साली डॉ. पीटर साफार यांच्या पुढाकाराने ‘फ्रीडम हाउस’ ही सेवा उभी राहिली. हिल भागातल्या, रोजगार नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना श्वसनमार्ग मोकळा करणे, हृदयाची क्रिया चालू ठेवणे, रक्तस्राव थांबवणे शिकवून त्यांना गाडीबरोबर पाठवण्यात आले. पुढच्या अमेरिकी आपत्कालीन सेवांनी त्यांच्याकडून धडे घेतले. १९७५मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून ती बंद केली; तरी वाहून नेणारा हा उपचार करणारा असू शकतो, हे सिद्ध होऊन गेले होते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा २०१४च्या जानेवारीत सुरू झाली. आरंभी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा, ही या योजनेची लक्षणीय बाब. ‘चालते रुग्णालय’ ही लारेची कल्पना सव्वादोनशे वर्षांनी आपल्या तालुक्यांच्या रस्त्यावर आली, असे म्हणायला हरकत नाही.

तरी गाडी आली म्हणजे काम झाले, असे होत नाही. दोन उदाहरणे घेऊ. पहिले प्राणवायूचे. रुग्णवाहिकेत वापरल्या जाणाऱ्या ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर या गतीने तो १५० मिनिटे पुरेल. शिरूरहून पुण्याला जायला कोंडीसह दोन तास धरले तर वाटते, भरपूर झाला. पण अपेक्षित वेळेच्या दुप्पट प्राणवायू सोबत असावा, हा सुरक्षित वाहतुकीचा साधा नियम आहे. त्या हिशेबाने २४० मिनिटांची सोय हवी आणि एक सिलिंडर अपुरा ठरतो. हा हिशेब निघण्यापूर्वी करायचा असतो, वाघोलीच्या चौकात नव्हे.

दुसरे उदाहरण मण्यारीच्या दंशाचे. उसाच्या या पट्ट्यात रात्री झोपेत मण्यार चावते. जखम दिसत नाही, पण विषाने हळूहळू श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस शुद्धीवर असतो, श्वास मात्र थांबत जातो. अशा रुग्णाला प्रतिविष दिल्याशिवाय आणि श्वासाची तजवीज केल्याशिवाय पुढे पाठवणे म्हणजे त्याला वाटेवर सोडणे. घशात नळी घातलेली असेल आणि यंत्र नसेल, तर सोबतच्या माणसाने अंबू बॅग दाबत राहायचे, पाच-सहा सेकंदांनी एकदा. दोन तासांच्या प्रवासात ही पिशवी बाराशे ते चौदाशे वेळा दाबावी लागते. १९५२च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून असा हाताने श्वास पुरवला होता आणि आधुनिक अतिदक्षता विभागाचा पाया त्यातून घातला गेला. भोयांनी डोलीला खांदा बदलून दिला, विद्यार्थ्यांनी हात बदलून दिला. शिरूर-पुणे रस्त्यावर हात बदलायला दुसरा माणूस गाडीत हवा, एवढीच गोष्ट हा इतिहास सांगतो.

७

पुण्याला पोहोचले की प्रवास संपला, हाही एक भ्रमच. रुग्णालयाच्या आत आणखी एक प्रवास सुरू होतो : अपघात विभागातून सी.टी. स्कॅनकडे, तेथून शस्त्रक्रियागृहात, तेथून अतिदक्षता विभागात. अंतर दोनशे पावलांचे असते, आणि याच दोनशे पावलांत उद्वाहनाची वाट पाहताना सिलिंडर संपतो, वळणावर श्वासनळी सरकते, सलाइनची नळी खाटेच्या दांड्यात अडकून निघून येते, मॉनिटरची बॅटरी बंद पडते. अंतर कमी म्हणून तयारी कमी, अशी मनाची सहज समजूत असते. म्हणूनच निघण्यापूर्वीची यादी रुग्णालयाच्या आतही वाचायची असते. श्वासमार्ग पक्का आहे का, शिरेत दोन सुया आहेत का, औषधे पुरतील का, यंत्रे भारित आहेत का, ज्या विभागात जायचे तेथे कळवले आहे का आणि ते तयार आहेत का?

या आतल्या प्रवासात स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला आपण ‘मामा’ म्हणतो आणि सोबत चालणाऱ्या आयाबाईंना ‘मावशी’. नात्याची ही हाक गोड आहे आणि अनोळखी जागी धीर देणारी आहे. मात्र मामांना मान सरळ ठेवून रुग्ण कसा उचलायचा याचे शिक्षण, पुरेशी माणसे आणि हातमोजे मिळतात का, हा प्रश्न हाकेच्या गोडीत विरून जाता कामा नये. डोलीच्या भोयांना भाषेने गिळले. मामांना नात्याने गिळू नये.

सप्टेंबर २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, पुण्यातील मोठ्या कोविड केंद्रातून एका तरुण दूरचित्रवाणी पत्रकाराला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे होते. तेव्हाच्या बातम्यांनुसार त्याच्या सहकाऱ्यांनी आणि कुटुंबीयांनी रात्रभर हृदयविकारासाठी सुसज्ज अशी रुग्णवाहिका शोधली. आलेल्या गाड्यांपैकी एकीत यंत्र नव्हते, तर दुसरीत डॉक्टर नव्हता. २ सप्टेंबरला पहाटे त्याचे निधन झाले. ज्याच्या ओळखी होत्या, ज्याचे सहकारी शहरभर फोन लावू शकत होते, त्याची ही गत झाली. अंतर शिरूर-पुण्याचे नव्हते. एकाच शहरातले होते. गाडी, यंत्र आणि माणूस या तिहींपैकी एक नसले तर उरलेले दोन असून नसल्यासारखे होतात, हे त्या रात्री साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

८

या सगळ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले तर वाहनांची प्रगती सरळ रेषेत दिसते : डोली, बैलगाडी, आगगाडी, एस.टी., जीप, १०८. जबाबदारीची रेषा मात्र तशी सरळ नाही. १८१८च्या त्या रात्री जखमींना आणणारा अधिकारी कोण, त्यांना कोठे नेले आणि किती वाजता पोहोचवले, हे आज दोनशे वर्षांनीही सांगता येते, कारण लष्कराला जाबजबाबाची नोंद ठेवावी लागे. १८९७च्या प्लेगमध्ये सत्तेकडे वाहन, रुग्णालय आणि कायदा तिन्ही होते, तरी नेलेल्या माणसाचा माग राहत नसे. सावित्रीबाईंकडे वाहन नव्हते, पण नेणारी कोण हे स्पष्ट होते. तेव्हा साधन वाढले म्हणजे जबाबदारी आपोआप वाढते, या समजुतीला या तालुक्यांचा इतिहास दुजोरा देत नाही.

उपचार तालुक्याजवळ आणणे हा यावरचा मूळ उपाय आहे, यात शंका नाही. २०१९मध्ये बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने दौंडच्या पूर्वेकडच्या गावांना पुण्याखेरीज दुसरी दिशा मिळाली. पुण्याकडे सरकलेले केंद्र थोडे तरी परत फिरले. तरीही काही रुग्ण नेहमीच पुढे न्यावे लागतील, आणि म्हणून ‘पुढे’ जाणारी वाट रुग्णालयाइतकीच गांभीर्याने बांधावी लागेल.

भाषेच्या अध्यापकांनी यात काय करावे? आम्हांला वाटते, एक लहानसे काम आपल्या वाट्याचे आहे. आपल्या वर्गातली काही मुले उद्या वार्ताहर होतील, काही आरोग्य खात्यात कारकून होतील, काही रुग्णालयाच्या नोंदी लिहितील. ‘हलविण्यात आले’ हे वाक्य त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्यावे, आणि या वेळी कर्त्यासह. ‘शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी श्वसननलिका घालून, प्रतिविषाची पहिली मात्रा देऊन, परिचारिकेला सोबत पाठवून, रात्री १० वाजून २० मिनिटांनी रुग्णाला पुण्याकडे रवाना केले, तेथील अतिदक्षता विभागाच्या डॉक्टरांनी १२ वाजून १५ मिनिटांनी त्याचा ताबा घेतला.’ वाक्य लांबले, बोजडही झाले. बातमीदाराला त्यासाठी दोन फोन जास्त करावे लागतील आणि नोंद ठेवणाऱ्याला दोन रकाने जास्त भरावे लागतील. पण ज्या दिवशी यातला एखादा रकाना रिकामा राहील, त्या दिवशी तो रिकामा का राहिला, असे विचारता येईल. आजच्या वाक्यात ते विचारायला जागाच नाही.